पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळात व्यंग दिसलं तर: पुढचे दिवस कसे काढायचे

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टर बोलता बोलता गप्प होतात, प्रोब पोटावर एकाच जागी फिरत राहतो, आणि बाईला तिथेच कळतं. रिपोर्ट नंतर येतो. जेल पुसायला दिलेला कागद मुठीत चुरगळलेला राहतो, नवरा बाहेर पैसे भरत असतो, आणि नौपाड्यातून किंवा वाशीतून रिक्षा घरापर्यंत कशी आली ते नंतर आठवत नाही. हे लिखाण त्या रिक्षातल्या बाईसाठी आहे. नंतर तिच्या घरच्यांनीही वाचावं.

सगळ्यात आधी एक. आजच्या आज काहीही ठरवायचं नाहीये. घाई करणारे खूप भेटतील, काही प्रेमापोटी, काही घाबरून. वेळ कमी असतो हे खरं, पण तो तासांत नाही, दिवसांत आणि आठवड्यांत मोजायचा असतो.

पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी दोन घास वरणभात पोटात जाऊ द्या, आडवं व्हा आणि फक्त एकाच माणसाला सांगा. सासर-माहेरच्या ग्रुपवर काही टाकू नका. एकदा टाकलं की दर अर्ध्या तासाला कुणीतरी फोन करतं आणि प्रत्येकाला तेच पहिल्यापासून सांगावं लागतं. त्यात बाई पार पिळून निघते.

काहीजणींना रडू येत नाही. त्या घरी येऊन भांडी घासतात, मोठ्या मुलाचा अभ्यास घेतात. घरच्यांना वाटतं हिला काही वाटतच नाही. तसं नसतं. धक्का बसल्यावर मन सुन्न होतं, आणि हाताला सवयीचं काम लागलं की तेवढाच आधार वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बांध फुटतो. तेव्हा कुणीतरी जवळ झोपलेलं असावं.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सांगितलेलं फारसं डोक्यात शिरत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांत पुन्हा वेळ घ्या, वही न्या, आणि परवानगी विचारून मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करा. नवऱ्याने शेजारच्या खुर्चीत बसायचं, लिहून घ्यायचं, पण बायकोच्या वतीने उत्तरं द्यायची नाहीत.

अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, म्हणजे नेमकं याच सुमाराला, बाळाची हालचाल जाणवायला लागते. दिवसभर फायली घेऊन फिरायचं आणि रात्री दिवा घालवला की आतून टिचकी बसायची. काहीजणी पोटावर हात ठेवणं सोडून देतात, आरशासमोर उभ्या राहत नाहीत. काही उलट बाळाशी जास्तच बोलतात. दोन्ही ठीक आहे. आधीच माया लावून घेऊ नकोस, असं कुणी सांगितलं तर कानाआड करा. ती आधीच लागलेली असते.

रिपोर्ट कसा समजून घ्यायचा

रिपोर्टमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात आणि घाबरलेल्या मनाला त्या सारख्याच दिसतात. एक मार्कर, म्हणजे नुसती खूण. हृदयात पांढरा ठिपका, मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये पाण्याची छोटी गाठ, मूत्रपिंडाची किंचित सूज. ही व्यंगं नव्हेत. यातल्या बऱ्याच गोष्टी एकट्याच असतील तर पुढे आपोआप दिसेनाशा होतात, आणि बाळ ठणठणीत असू शकतं. दुसरं म्हणजे प्रत्यक्ष रचनेतला दोष: पाठीचा कणा उघडा राहणं, हृदयात भोक किंवा कप्पा कमी असणं, ओठ-टाळू दुभंगलेले असणं, पाऊल आत वळलेलं असणं. यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. आत वळलेल्या पावलाला जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू करतात, दर आठवड्याला नवं, साधारण पाच ते सात वेळा, आणि पुढे चार वर्षांपर्यंत रात्री बूट-पट्टी. मूल पळतं. कवटीच न बनलेलं बाळ मात्र जगत नाही.

म्हणून वहीत हे प्रश्न लिहून न्या. नक्की काय दिसलं आणि खात्री किती? दोष एकच आहे की बरोबर आणखी काही? अशी शंभर बाळं जन्मली तर त्यातली किती वर्षभर जगतात, किती चालतात, किती शाळेत जातात? ऑपरेशन कोणत्या वयात, किती वेळा, कुठे? माझ्या जिवाला काही धोका? ‘चान्सेस कमी आहेत’ हे उत्तर घेऊन उठू नका. शंभरात किती, असंच विचारा. आकडा मिळाला की रात्रीचे विचार थोडे तरी आवरतात.

दुसरं मत फीटल मेडिसिन तज्ज्ञांचं, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या डॉक्टरांचं घ्यायचं. हृदयाचा संशय असेल तर बाळाची टूडी इको, शक्यतो अठरा ते चोवीस आठवड्यांत. जनुकीय दोषाचा संशय असेल तर गर्भजल तपासणी: सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईने पोटातून साधारण १५ ते २० मिलीलीटर पाणी काढतात, काही मिनिटांचं काम असतं, पाळीसारखी कळ येते. गर्भपाताचा धोका शंभरात एकापेक्षा बराच कमी असतो. घाईचा पहिला रिपोर्ट तीन-चार दिवसांत मिळतो, सविस्तर रिपोर्टला दोन ते तीन आठवडे लागतात.

या थांबण्याच्या आठवड्यांत मन सर्वात जास्त कुरतडलं जातं. दिवसाला एकदाच, संध्याकाळी, ठरलेला अर्धा तास दोघांनी त्या विषयावर बोला, आणि रात्री दहानंतर मोबाईलवर शोधाशोध नको. आजाराचं नाव टाकलं की सगळ्यात वाईट फोटो आधी येतात, आणि तुमच्या बाळाचा प्रकार सौम्य असला तरी ते फोटो डोळ्यांसमोरून जात नाहीत. शोधायचंच असेल तर ते काम दिराला किंवा मैत्रिणीला द्या. त्यांनी वाचावं आणि कामाचं तेवढंच सांगावं.

मोठ्या सरकारी, पालिका किंवा धर्मादाय रुग्णालयात जायचं असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीवचं लोकमान्य टिळक, परळचं केईएम आणि वाडिया, भायखळ्याचं जेजे. सकाळच्या गर्दीत लोकलने निघू नका. निघावंच लागलं तर दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला बसता येतं. पोळीभाजीचा डबा आणि पाणी बरोबर ठेवा, कारण नंबर लागेपर्यंत दुपार होते, आणि उपाशीपोटी ऐकलेली बातमी जास्त लागते.

आठवड्यांचा हिशोब कागदावर

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. कॅलेंडर काढा आणि २० आणि २४ आठवडे पूर्ण होतात त्या तारखांना गोल करा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताचा कायदा असा आहे: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत, बाळात गंभीर व्यंग असेल तर, दोन डॉक्टरांचं मत लागतं. २४ आठवड्यांनंतर मोठं व्यंग असेल तर सरकारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. मंडळाने अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. मंडळ नाही म्हणालं तरी दार बंद होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३२ आठवडे उलटलेल्या एका गर्भवतीला मंडळाच्या मताविरुद्ध परवानगी दिली, आणि निवडीचा हक्क तिचा आहे, मंडळाचा नाही, असं स्पष्ट म्हटलं.

बाई १८ वर्षांवरची आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असेल तर संमतीची सही फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासूबाईंची नाही. आणि ती सही कुणी जबरदस्तीने घ्यायची नाही, कुणी अडवायचीही नाही. तिचं नाव बाहेर फोडणं हा कायद्याने गुन्हा आहे.

उशिरा सोनोग्राफी केली की निर्णयाचे दिवस गिळले जातात. म्हणून ही तपासणी अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यात करून घ्यावी. बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यात केली तर शोक आणि धावपळ एकाच वेळी अंगावर येतात. कितीतरी बायका नंतर म्हणतात की दुःखापेक्षा ती घाई जास्त टोचली.

‘माझ्यामुळे झालं का?’

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकीला छळतो. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, सिलेंडर सरकवला, गर्दीत धक्का लागला, नवस फेडायचा राहिला. एकेक दिवस उलगडून बघितला जातो.

त्याला उत्तर शरीराच्या वेळापत्रकात आहे. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली हे कळून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, आणि कितीजणींनी तेव्हा चाचणीसुद्धा केलेली नसते. हृदय, ओठ, हात-पाय यांची मूळ रचना पहिल्या तीन महिन्यांतच होते. चौथ्या महिन्यातल्या ग्रहणाने तिसऱ्या महिन्याआधी घडलेला ओठ दुभंगत नाही, आणि कुठल्याच महिन्यातल्या ग्रहणाने दुभंगत नाही. जन्मणाऱ्या शंभर बाळांत साधारण दोन-तीन बाळांत काही ना काही मोठा दोष असतो आणि बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. ‘कारण सापडलं नाही’ याचा अर्थ ‘कारण मी आहे’ असा होत नाही.

काही कारणं मात्र खरी असतात: ताब्यात नसलेला मधुमेह, फिटवरची काही औषधं, दारू, नात्यातलं लग्न. त्यातलं काही लागू असेल तर डॉक्टरांना न लपवता सांगा, कारण पुढच्या वेळी त्याचा उपाय करता येतो. फिटची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

आणि एक विचार येतो, जो कुणीच कुणाला सांगत नाही: ‘हे आपोआप संपलं तर बरं.’ तो आला म्हणून बाई निर्दयी होत नाही. त्याच संध्याकाळी ती बाळासाठी रडतेही. दोन्ही खरं असतं.

बाळ ठेवायचं ठरलं तर

जन्मानंतर लगेच ऑपरेशन लागणार असेल तर जिथे लहान मुलांचे सर्जन आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे तिथेच बाळंतपण करा, आणि त्या सर्जनना सातव्या-आठव्या महिन्यातच भेटून घ्या. पोटातलं बाळ हलवणं सोपं असतं, जन्मलेलं आजारी बाळ अँब्युलन्समधून नेणं कठीण. ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांत. दुभंगलेल्या टाळूच्या बाळाला दूध पाजायची खास बाटली आणि पद्धत असते, ती जन्माआधीच शिकून घ्या. खर्चासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दोन्हींची चौकशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात करा. रेशनकार्ड आणि आधारची प्रत फाईलमध्ये लावलेलीच असू द्या.

डोहाळजेवण करायचं का? मनात असेल तर करा, छोटं करा, आणि येणाऱ्यांना आधी सांगून ठेवा की बाळाबद्दल प्रश्न नकोत. नको वाटत असेल तर सासूबाईंनी ‘डॉक्टरांनी दगदग नको सांगितलीय’ एवढंच कळवावं. आई आणि सासूबाई यांनी आळीपाळीने ओटी घरातच भरली तरी होतं.

बाळ जगणार नाही हे माहीत असूनही काहीजणी पूर्ण दिवस भरतात. वेड्या हट्टाने नाही, बाळाला एकदा मांडीवर घ्यायचं असतं म्हणून. तेव्हा जन्मानंतर बाळाला त्रास होऊ न देणं, ऊब आणि कुशी, एवढंच ठरवून ठेवा आणि ते फाईलवर लिहून घ्या. नाहीतर रात्रपाळीचे डॉक्टर धावपळीत नळ्या घालतात.

थांबवायचं ठरलं तर

बहुतेकजणींना वाटतं भूल देऊन काढून टाकतील. पाचव्या महिन्यानंतर बहुधा तसं नसतं. आधी एक गोळी, मग एक-दोन दिवसांनी दुसऱ्या गोळ्या दर काही तासांनी, आणि मग बाळंतपणासारख्याच कळा. बारा तास लागू शकतात, जास्तही. बाविसाव्या आठवड्यानंतर बऱ्याचदा आधी इंजेक्शनने बाळाचं हृदय थांबवतात. हे आधी माहीत असलेली बाई टेबलवर कमी घाबरते. म्हणून विचारा: वेदना कमी करायला काय देणार? कळा सुरू झाल्यावर माझ्याजवळ कोण थांबू शकतं? आणि बेड प्रसूती कक्षात न देता स्त्रीरोग विभागात मिळेल का? शेजारच्या खाटेवर नवजात बाळ रडत असताना ही रात्र काढायला लागू नये. मागितलं तर बऱ्याच ठिकाणी सोय होते, न मागितलं तर कुणाला सुचत नाही.

बाळाला बघायचं का, हे कळा सुरू व्हायच्या आधी ठरवा, आणि आयत्या वेळी मत बदलायला मोकळ्या राहा. बघितल्याने पुढे बरं वाटतं की त्रास होतो, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. व्यंग कसं दिसेल ते नर्सताईंना आधी वर्णन करायला सांगा. मनातलं चित्र बहुधा खऱ्यापेक्षा भयानक असतं. दुपट्यात गुंडाळून फक्त हात-पाय बघता येतात. आत्ता नकोच वाटलं तर नवऱ्याने एक फोटो काढून बंद पाकिटात ठेवावा. पावलाचा ठसा घ्यायला साधं स्टॅम्प पॅड आणि जाड कागद पुरतो. दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडासा मोठा तो ठसा पुढे कपाटात साड्यांखाली जपला जातो.

जगू शकण्याच्या मुदतीआधीच्या गर्भाची विल्हेवाट नियमाप्रमाणे रुग्णालय करतं. घरी न्यायचं, पुरायचं असेल तर दाखल होतानाच विचारा, नंतर नाही. पुरायला घरचे पुरुष निघतात आणि बाईला कुणी विचारतही नाही. तिला विचारा.

कारण शोधायला बाळाची तपासणी करायची असेल तर तेही आधीच ठरवा. जनुकीय तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर तो त्या तपासणीच्या कामाचा राहत नाही. तो सलाईनमध्ये जायला हवा. ही चूक खूप होते, आणि मग ‘पुढच्या वेळी पुन्हा होईल का’ याचं उत्तर कायमचं जातं. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन.

घरी आल्यावर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं. याची कल्पना कुणी देत नाही, आणि ब्लाऊज ओला झाला की बाई कोसळते. थांबवायची गोळी घरी जायच्या आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब जास्त असेल तर ती चालत नाही, तेही सांगा. घट्टसर आधार देणारी ब्रा, गार पाण्याची घडी, आणि दूध पिळून काढायचं नाही. फारच तडतडलं तर आराम पडेल इतकंच. दर तासाला एक याप्रमाणे सलग दोन तास पॅड पूर्ण भिजला, ताप १००.४ च्या वर गेला, किंवा स्रावाला घाण वास आला तर लगेच रुग्णालय.

नोकरी असेल तर गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. रजेच्या अर्जावर व्यंगाचा तपशील लिहायची गरज नाही, डॉक्टरांचा दाखला पुरतो. गरोदरपणाचं ॲप मोबाईलमधून काढा, नाहीतर ‘तुमचं बाळ आता वांग्याएवढं झालं’ असा संदेश येत राहतो. आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला कळवा, म्हणजे तपासणीची आठवण करून देणारे फोन थांबतील. हे दोन्ही फोन नवऱ्याने करावेत.

लिफ्टमध्ये शेजारीण ‘काय गं, कितवा?’ विचारेलच. एक वाक्य पाठ ठेवा: ‘बाळाच्या तब्येतीत अडचण आली, सध्या बोलायला नको वाटतं.’ एवढंच म्हणून नजर दाराकडे वळवा.

घरात मोठं मूल असेल तर त्याला सांगा की बाळ पोटातच खूप आजारी होतं, म्हणून ते घरी येणार नाही, आणि यात तुझी काहीच चूक नाही. ‘बाळ झोपलं’ म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं. ‘देवाने नेलं’ म्हटलं तर मला कधी नेणार, असं विचारतं.

घरच्यांसाठी एवढंच: ‘वय आहे, दुसरं होईल’, ‘वेळीच कळलं हे नशीब’, ‘आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं’ ही तीन वाक्यं गिळून टाका. काय बोलावं सुचत नसेल तर ‘उद्या दुपारचा डबा मी आणते’ म्हणा आणि खरंच आणा. नवऱ्याचंही मूल गेलेलं असतं. तो पार्किंगमध्ये गाडीत बसून रडतो आणि वर येताना तोंड धुऊन येतो. तिला वाटतं याला काहीच नाही. निदान एकदा तिच्यासमोर रडा.

दोन आठवड्यांनंतरही रात्र रात्र झोप नाही, सोनोग्राफीची खोली पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते, मोठ्या मुलाकडेही बघवत नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असे विचार आले तर दोन आठवडे थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते, तिथे समुपदेशन मिळतं.

बाळंतपणाची जी तारीख डॉक्टरांनी दिलेली होती, ती येते. त्या आठवड्यात विनाकारण चिडचिड, अंगदुखी, रडू. बाईलाच आधी कळत नाही कशाने, मग कॅलेंडर दिसतं. त्या दिवशी रजा टाकावी. काहीजणी उपवन तलावाकाठी जाऊन बसतात, काही देवापाशी दिवा लावतात, काही फक्त झोपून राहतात.

पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा. मागच्या बाळाच्या कण्यात किंवा मेंदूच्या नळीत दोष होता तर फॉलिक ॲसिड नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमऐवजी दहा-बारापट, रोज ४ ते ५ मिलिग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून, शक्यतो तीन महिने, बारा आठवडे होईपर्यंत. हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. जुनी फाईल, सगळे रिपोर्ट, बाळाच्या तपासणीचा निकाल बरोबर न्या. मागच्या वेळी ज्या आठवड्यात कळलं, तो आठवडा जवळ आला की हात-पाय गार पडतात. त्या सोनोग्राफीची वेळ सकाळची पहिली घ्या, म्हणजे बाहेरच्या बाकावर फार बसावं लागत नाही, आणि डॉक्टरांना आत गेल्या गेल्या सांगा: ‘काही दिसलं तरी गप्प राहू नका, बघता बघता बोलत राहा.’